मोंझा, २० मे १९७३: पहिल्या वळणापर्यंत

११ महिने आधी. ९ जून १९७२, आइल ऑफ मॅन. १२५ सीसी मोटरसायकलींच्या शर्यतीत जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन रायडर मरण पावतो. त्याचा मित्र, जगज्जेता जाकोमो आगोस्तिनी जाहीर करतो की या रस्त्यावर मी पुन्हा उतरणार नाही. आणखी काही मोठे रायडर त्याच्या मागोमाग जातात. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या जागतिक स्पर्धेत मात्र ही शर्यत १९७६ पर्यंत कायम राहते.

एफआयएमचे सभासद म्हणजे देशोदेशींचे महासंघ. रायडर सभासद नाहीत. शर्यतीत उतरण्याचे पैसे तेव्हा प्रत्येक जण आयोजकांशी स्वतःच ठरवत असे, त्यामुळे तक्रार करायची तीही एकट्यानं, आणि ज्याच्याकडून पैसे यायचे त्याच्याकडेच.

१९७२चा मोसम संपतो. २५० सीसीचं विजेतेपद फिनलंडच्या यार्नो सारिनेनला, ९४ गुण. दुसरा रेन्झो पासोलिनी, ९३ गुण.

७ दिवस आधी. १३ मे १९७३, हॉकेनहाइम. सारिनेन २५० सीसी जिंकतो. मोसमातल्या तीन शर्यती, तीन विजय, ४५ गुण. ५०० सीसीत त्याच्या यामाहाची चेन तुटते आणि तो बाहेर पडतो. तो २७ वर्षांचा आहे, पासोलिनी ३४ वर्षांचा. पुढची शर्यत इटलीतल्या मोंझाला, पासोलिनीच्या घरच्या प्रेक्षकांसमोर.

मोंझाच्या ट्रॅकला लोखंडी कठडे आहेत. ते मोटारींच्या चालकांच्या आग्रहावरून बसवलेले. मोटार कठड्यावर आदळली तर चालकाभोवती गाडीचा सांगाडा असतो. मोटरसायकलवाल्याभोवती कातडी पोशाख असतो, बस्स. कठडे बसवताना हा फरक मांडायला रायडरांच्या बाजूनं कोण बसलं होतं? माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे.

२० मे, ३५० सीसीची शर्यत. आगोस्तिनी जिंकतो. शर्यत संपत आलेली असताना वॉल्टर व्हिलाच्या बेनेलीचं ऑइल गळू लागतं. तो पिटमध्ये येतो, पुन्हा बाहेर पडतो, शर्यत पूर्ण करतो. गुण महत्त्वाचे असतात. ऑइल ट्रॅकवर राहतं.

३५० संपली, २५० सुटायची आहे. मधल्या वेळात रस्ता साफ केला जात नाही. ऑस्ट्रेलियाचा रायडर जॉन डॉड्स अधिकाऱ्यांना जाऊन सांगतो की ट्रॅकवर ऑइल आहे. उत्तर मिळतं पोलिसांकडून: गप्प बस, नाहीतर ट्रॅकबाहेर काढू.

या एका क्षणापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. डॉड्स काही हक्क मागत नव्हता, पैसे मागत नव्हता. रस्त्याची स्थिती सांगत होता. टायर रस्त्याला तळहाताएवढ्या जागेत टेकतो, हे त्या माणसाला आयोजकांपेक्षा जास्त कळत होतं. पण त्याच्या बोलण्याची नोंद घ्यायला बांधील असा कुणीही तिथे नव्हता.

२५० सीसी, सुरुवातीची रेषा. त्या काळी गाड्या ढकलून सुरू करत. इंजिनं बंद. झेंडा पडतो. क्षणभर फक्त डांबरावर बुटांचा आवाज, मग एकेक टू-स्ट्रोक पेट घेतं. डॉड्स सोडाच, ज्यांना ऑइलबद्दल ठाऊक होतं असे इतरही निघतात. न निघाले तर पैसे नाहीत.

पहिली फेरी, कुर्वा ग्रांदे. लांबलचक सरळ रस्त्यानंतरचं उजवं वळण, ताशी २०० किलोमीटरच्या वर. पुढे जर्मनीचा डीटर ब्राउन, मागे पासोलिनी, त्याच्यामागे सारिनेन, आणि मग अख्खा जथा एकमेकांना चिकटून.

पासोलिनीचं मागचं चाक घसरतं. तो कठड्यावर जाऊन आदळतो. गाडी कठड्यावरून उसळून परत ट्रॅकवर येते आणि सारिनेनवर आपटते. मागच्यांना वाट उरत नाही. १४ रायडर पडतात. पेंढ्याचे गठ्ठे पेटतात.

पासोलिनी आणि सारिनेन जागीच गेले. वॉल्टर व्हिला या शर्यतीतही होता. तो गंभीर जखमींत. सारिनेनचा यामाहातला जोडीदार हिदेओ कानायाही पडलेल्यांत. २५०ची शर्यत रद्द, ५००चीही रद्द.

चौकशीनं ठपका ठेवला तो पासोलिनीच्या सीझ झालेल्या इंजिनावर. टू-स्ट्रोक इंजिन असं अचानक अडकतं, म्हणून तर रायडर क्लचवरची बोटं काढत नसत. ऑइलच कारण होतं असं मानणारे आजही आहेत. हा वाद मिटला नाही तरी चालेल असं मला वाटतं. इंजिन अडकलं असो की चाक ऑइलवर घसरलं असो, दोन्ही हकिकतींत गाडी परत फेकणारा कठडा तोच आहे. आणि इंजिन निर्दोष ठरो वा दोषी, डॉड्सला दिलेलं उत्तर बदलत नाही.

यामाहाच्या संघानं उरलेल्या मोसमातून माघार घेतली.

४९ दिवसांनी. ८ जुलै १९७३, मोंझा, पुन्हा कुर्वा ग्रांदे. ज्युनिअर गटाची शर्यत. रेन्झो कोलोम्बिनी, रेनातो गाल्त्रुक्को आणि कार्लो किओनियो, तिघेही मरण पावतात. ट्रॅक तोच, कठडे तेच. या वेळी मोंझाची दारं मोटरसायकलींना बंद झाली, ती काही वर्षं.

२८ एप्रिल १९७४, न्युर्बर्गरिंग. रायडर कठड्यांपुढे पेंढ्याचे गठ्ठे मागतात. ते मिळत नाहीत. बहुतेक सगळे आघाडीचे रायडर शर्यतीत उतरायला नकार देतात. या वेळी ते एकेकटे नाहीत.

शर्यत तरीही होते, उरलेल्या रायडरांना घेऊन. ५०० सीसी एडमुंड चिहाक जिंकतो. निकाल ग्राह्य धरला जातो, आणि जगज्जेतेपदासाठी त्याला पूर्ण १५ गुण मिळतात.