एकास पस्तीस

रणगाड्यांच्या प्रतिकृती जोडणाऱ्यांमध्ये सगळ्यात रुळलेलं माप आहे एकास पस्तीस, म्हणजे खऱ्या रणगाड्याचा पस्तिसावा भाग. हा आकडा कुणीतरी विचारपूर्वक ठरवला असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

तो ठरला जपानमधल्या शिझुओका शहरात. १९४५च्या जूनमध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत हे शहर होरपळलं. पुढच्याच वर्षी तिथे तामिया कुटुंबाने लाकूड कापण्याची गिरणी काढली. त्यातून लाकडी प्रतिकृती बनू लागल्या आणि १९६०मध्ये कंपनीने प्लास्टिकची पहिली प्रतिकृती काढली, ‘यामातो’ या युद्धनौकेची. थोड्याच काळात जर्मन ‘पँथर’ रणगाडा आला. तो चालणारा असावा म्हणून त्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावतील, एवढा आकार ठेवला गेला. पुढे इतर देशांचे रणगाडेही त्याच मापात काढायचे ठरलं, तेव्हा शुनसाकू तामिया यांनी पँथर मोजला. तो मूळच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढा भरला. बॅटरीच्या सोयीने आलेलं हे माप नंतर इतर कंपन्यांनीही उचललं.

खऱ्या पँथरमध्ये पाच माणसं बसत. खेळण्यात त्यांच्या जागेवर बॅटऱ्या आल्या. १९६८मध्ये तामियाने सैनिकी प्रतिकृतींची मालिका सुरू केली. तिचा पहिला संच रणगाड्याचा नव्हता. जर्मन रणगाड्यांवरच्या सैनिकांचा होता. जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीची ही माणसं परत आली, पण बुरुजाच्या झाकणातून डोकावण्यापुरती किंवा बाहेर उभी राहण्यापुरती.

जुन्या साच्यांतल्या काही किटच्या तळाला मोटरच्या स्विचसाठी ठेवलेली भोकं असतात. मी ती पुट्टीने बुजवते, पॉलिश पेपरने घासते, वर चिखलाचा रंग देते. गंज, धूर, खरवडलेला रंग, सगळं आता हुबेहूब जमतं. फक्त झाकण मी चिकटवून टाकते, कारण आत काहीच नसतं. ज्या माणसांनी आत बसून मारलं आणि जी आतच जळाली, त्यांच्यासाठी माझ्याकडे रंग नाही.

सध्या टेबलावर असलेल्या रणगाड्याचं एक भोक मी तसंच ठेवलं आहे. कुणी कौतुकाने विचारलं, की तो उलटा करून दाखवते.