मुलकी, गैरमुलकी आणि करोडगिरीचा नाका

परदेशी जाऊन नोकरी वा धंदा करावयाचा म्हणजे समुद्र ओलांडावा लागतो, अशी आपली एक समजूत आहे. लातूर-नांदेडच्या श्रोत्यांस ती बाळगण्याचे कारण नाही. १९४८ पर्यंत बार्शीहून लातुरास येणारा मराठी माणूस परमुलखातच येत असे. मध्ये समुद्र नव्हता, करोडगिरीचा नाका होता.

निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी मागणाऱ्यास पहिला प्रश्न असे: मुलकी की गैरमुलकी? पहिल्या सालारजंगांनी कारभार सुधारण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसे आणली. पुढे १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. मोक्याच्या जागा बाहेरच्यांनी व्यापल्या, तशी मुलकी मंडळींची कुरकुर वाढली. १९१९ च्या फर्मानाने नियम पक्के झाले. बाहेरच्याने राज्यात १५ वर्षे कायम राहावे, मूळ गावी परतण्याचा इरादा सोडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे, तेव्हा कोठे तो मुलकी! मुलकी पुरुषाची पत्नी मात्र लग्नानेच मुलकी ठरे. सासरचा हा लाभ जावयास नव्हता.

नियम वाचून वाटेल की नांदेडच्या मुलाचे यात हितच होते. कागदोपत्री होतेही, तो जन्मानेच मुलकी. परंतु कचेरी उर्दूत चाले आणि १९१८ चे उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवी. आपल्याच गावच्या कचेरीत अर्ज करताना त्याची मायबोली कामास येत नसे. आमच्या मते खरा परकेपणा हा होता, आणि त्यावर १५ वर्षांच्या वास्तव्याचा उतारा चालत नव्हता.

व्यापाऱ्यास मुलकीची अट आडवी येत नसे. त्याच्या अडचणी निराळ्या. १८९५ मध्ये लंडनात स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची गाडी १९११ मध्ये लातुरास पोचली. आपल्या गंजाचा माल तीतून ब्रिटिश हद्दीत जाऊ लागला. सरहद्दीवरील जकातीला १८०२ च्या तहाने शेकडा ५ ची मर्यादा घातलेली होती. त्यात नाणी दोन: निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. १०० कलदारांस हाली सुमारे ११६ पडत. तेव्हा सौदा करताना भाव विचारण्याआधी रुपया कोणता, हे विचारणे भाग होते. एकाच चोपडीत दोन रुपयांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या त्या मुनिमांचे आम्हांस आजही कौतुक वाटते.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. सरकारी नोकरीसाठी वास्तव्याची अट रद्द करणारा १९५७ चा कायदा १९५९ मध्ये अमलात आला. त्यातून तेलंगण वगळले होते. तिकडे मुलकीचा वाद चिघळत राहिला. ते नियम वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये दिला आणि १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले. आपले धर्माबाद आणि पलीकडचे बासर यांच्यामध्ये करोडगिरीचा नाका निजामाच्या काळी नव्हता. दोन्ही गावे एकाच राज्यात होती. १९५६ नंतर मात्र तेथे राज्याची सीमा आली, आणि मुलकी हा शब्द धर्माबादेत जुना झाल्यावरही बासरेत भांडणाचा राहिला.