कान फुटतो तो आतून

आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात मुलाचा कान वाहायला लागला की दोष समुद्राचा. "डुंबायला गेला असेल, पाणी गेलं कानात." उपायही ठरलेला: लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल आणि वर कापसाचा बोळा. धड असलेल्या पडद्यातून पाणी मधल्या कानात शिरू शकत नाही, हे कोणाच्या ध्यानीमनी नसे. (पडद्याला भोक असेल तर गोष्ट वेगळी. मग पाणीही वाईट आणि तेलही.)

माझ्या एका आत्याचा कान दर पावसाळ्यात वाहायचा. रायगडाला कुलाबा जिल्हा म्हणायचे तेव्हाची गोष्ट. नाव बदललं १९८१ साली. ती तोंड उघडं टाकून झोपायची, नाकात बोलायची. शाळेत 'मठ्ठ' हा शिक्का बसला आणि चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तिला नीट ऐकूच येत नव्हतं हो! पण नाकाचा आणि कानाचा संबंध घरात कोणी लावला नाही.

हा संबंध त्याच्या कितीतरी आधी लागलेला होता. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरांकडे ऐकू कमी येणारी, नाकात बोलणारी एक तरुणी आली. त्यांनी तोंडातून बोट घालून नाकामागची जागा चाचपली, तर तिथे मऊ मांस वाढलेलं. १८६८ साली त्यांनी या 'अ‍ॅडेनॉइड'वर लिहिलं, शाळेतली पोरं तपासली आणि ती वाढ खरवडून काढायला कडीसारखी सुरी बनवली. पुढे अ‍ॅम्स्टरडॅमच्या गाय नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांचं अभ्यासात लक्ष लागत नाही, हेही नोंदवलं. मायर यांचा पुतळा कोपनहेगनला १८९८ साली उभा राहिला. आमच्या आत्याला मात्र तेलच.

नाकामागून मधल्या कानात एक नळी जाते. लहानपणी ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. अ‍ॅडेनॉइड तिच्या तोंडाशीच असतं. त्यामुळे बरीच वर्षं समजूत अशी, की मोठं झालेलं अ‍ॅडेनॉइड नळी दाबतं, म्हणून कानात पाणी साठतं. सरळ हिशेब.

पण तो पुरता जुळेना. १९८७ साली अमेरिकेत गेट्स आणि सहकाऱ्यांनी कानात पाणी साठलेल्या, ४ ते ८ वर्षांच्या ५७८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अ‍ॅडेनॉइड काढल्यावर फायदा झाला, पण ते लहान होतं की मोठं, याने फरक पडला नाही! म्हणजे गोम नुसत्या आकारात नव्हती, तिथे राहणाऱ्या जंतूंतही होती. न्यूमोकॉकस, हिमोफिलस, मोरॅक्सेला हे नाकामागे घर करतात आणि सर्दी झाली की नळीतून कानाकडे सरकतात.

मग औषधाने ते मरत का नाहीत? याचा मोठा धागा २००६ साली मिळाला. जुनाट दुखण्यासाठी ग्रोमेट बसवायला आलेल्या मुलांच्या मधल्या कानाच्या अस्तरावर जंतूंचे बुळबुळीत थर सापडले. त्याच सुमारास अ‍ॅडेनॉइडवरही तसेच थर दिसले. यांना बायोफिल्म म्हणतात. मासेमारी बंद असताना वर ओढलेल्या होडीचं बूड आठवा. त्यावरचं शेवाळ नुसतं पाणी मारून जात नाही, खरवडावं लागतं. तसंच हे. अँटिबायोटिक वरवरचे जंतू मारतं, थरातले तग धरतात, आणि पुढच्या सर्दीला कान पुन्हा ठणकतो.

न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. तिने काही कान वाचतील, सगळे नाही. हिमोफिलसची कानात सापडणारी जात बहुधा वेगळी असते. आणि पडद्याला पडलेलं जुनं भोक अ‍ॅडेनॉइड काढून बुजत नाही, त्याची शस्त्रक्रिया निराळी.

असो. घरात एखादं पोर तोंड उघडं टाकून घोरत असेल आणि टीव्हीचा आवाज वाढवून ऐकत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना नाकामागेही बघायला सांगा. खोबरेल भाजीला ठेवा.