पांढऱ्या पावडरीचा हिशेब

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या खेड्यांत दोन पावडरी घरोघर माहीत झाल्या. एक सरकारी फवारणीची डीडीटी, दुसरी शेतावरची बीएचसी. त्यांचा उग्र वास माझ्या पिढीला अजून आठवतो. त्यांचा इतिहास सांगायला हवा, कारण तो अजून संपलेला नाही.

आधी त्यांचे उपकार सांगतो. १९४७ च्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घराच्या भिंतींवर डीडीटी फवारली, की रक्त पिऊन भिंतीवर टेकलेला डास मरे. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. डीडीटीचा हा गुण १९३९ मध्ये ओळखणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल मिळाले, ते उगाच नव्हे.

दुसरीकडे, भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटाखाली ऊस वाढला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५०-५१ मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. बागायतीबरोबर कीडही वाढली. वाळवी-हुमणीवर स्वस्त इलाज म्हणजे बीएचसी. गंमत अशी, की त्या पावडरीत कीड मारणारा गॅमा हा घटक जेमतेम १०-१५ टक्के असे. बाकीचा बहुतेक भाग नुसताच जमिनीत जाई.

आता थोडे रसायनशास्त्र. डीडीटीच्या रेणूत क्लोरीनचे पाच अणू असतात, बीएचसीच्या रेणूत सहा. कार्बन आणि क्लोरीनची ही गाठ ऊन, पाऊस, जिवाणू यांना लवकर सुटत नाही. डीडीटी मोडली तरी तिचे डीडीई होते, आणि तेही चिवटच. ही द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र मुरतात. म्हणून चाऱ्यातला अंश गायीच्या चरबीत साठतो, तिथून दुधात उतरतो आणि लोण्या-तुपाबरोबर आपल्या अंगात येतो. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, तीही डीडीईमुळेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बारा राज्यांतून दुधाचे २२०५ नमुने तपासले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी सापडली. मर्यादेपेक्षा जास्त अंश असलेले नमुने सर्वाधिक होते महाराष्ट्रात, ७४ टक्के! उसाचे वाढे आणि दुधाचे कॅन ज्या जिल्ह्यात रोज रस्त्याने जातात, तिथे हा आकडा कानाआड करून चालणार नाही.

दरम्यान डासही सरावले. १९७६ मध्ये हिवतापाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. शेतीतल्या डीडीटीवर १९८९ मध्ये, बीएचसीवर १९९७ मध्ये आणि एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली. अशा द्रव्यांविषयीचा स्टॉकहोम करार २००४ मध्ये लागू झाला. भारताने तो २००६ मध्ये मान्य केला, पण रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी डीडीटीची सवलत राखून ठेवली.

आपल्या वडीलधाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर तापाने फणफणलेली पोरे होती. आपल्याला मात्र पुढचे ठाऊक आहे. नवे औषध घेताना कीड किती लवकर मरते, एवढेच आपण दुकानदाराला विचारतो. ते रानात किती वर्षे राहील, हेही विचारायला हवे.