गावावरून गेलेले विमान

सातारा-सांगलीकडे वैमानिकाची एक गोष्ट अजून सांगतात. गावचा पोरगा हवाई दलात गेला, शिकाऊ विमान घेऊन एके दिवशी गावावर आला आणि घराच्या कौलांवरून इतक्या खालून गेला, की परड्यात उभ्या असलेल्या आईने त्याला ओळखले. मी ही गोष्ट चार गावांत चार नावांनी ऐकली आहे.

तिला आधार आहे. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यात निघाली. इथली मुले खडकवासल्याला आणि तिथून हवाई दलात जाऊ लागली. त्या काळी त्यांच्या हाती पहिल्यांदा येई ते एचटी-2. पण नकाशा काढून बसलो तेव्हा गोष्ट लंगडू लागली. या विमानांवर प्रशिक्षण चाले ते बिदरला. तिथून सांगली सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे, सातारा त्याहून लांब. एका टाकीत एचटी-2 साधारण साडेपाचशे किलोमीटर जाई. म्हणजे गावावर घिरट्या घालून परत जाणे नवशिक्याच्या विमानाला झेपणारे नव्हते.

तरीही खालून विमान नेण्याचा मोह खरा होता, आणि त्याने जगभर पोरे मारली आहेत. एचटी-2च्या आधीचे टायगर मॉथ घ्या. दोन पंखांचे, लाकूड-कापडाचे, उघड्या बैठकीचे. सरळ उडताना ताशी सत्तरेक किलोमीटरपर्यंत ते हवेत तरते. साठ अंश कलून, उंची न सोडता वळण घेतले की पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि तोच किमान वेग शंभराच्या घरात जातो. वैमानिकाचे डोळे अंगणात उभ्या माणसांवर, हात दांडा आणखी ओढतोय. एक पंख खचतो, विमान गरगरू लागते. वर हजारो फूट असतील तर सावरता येते. झाडाच्या शेंड्याशी सावरायला जागाच नसते.

म्हणून मला उडवणाऱ्याइतकाच, किंबहुना जास्त, विमान आखणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. एचटी-2 आखले विष्णू माधव घाटगे यांनी. जन्म 1908, गाव गडहिंग्लजजवळचे हसूरचंपू. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली 1936 साली त्यांनी डॉक्टरेट केली. हवेचा पातळ थर पृष्ठभागाला कसा चिकटतो आणि कधी सुटतो, हे जगाला समजावणारे हेच ते प्रांटल. वर सांगितलेला अपघातही हवा पंखापासून सुटण्याचाच. 1940 साली घाटगे बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले. ऑगस्ट 1951 मध्ये एचटी-2 उडाले: पूर्ण धातूचे, खाली बसवलेल्या एका पंखाचे, गुरू-शिष्य एकामागे एक. पुढे घाना देशाचे हवाई दल उभे राहिले तेव्हा तिथेही ही विमाने गेली.

आमच्याकडे गोष्टीत पोरगा आहे, आई आहे, कौले आहेत. घाटगे कुठेच नाहीत. गडहिंग्लजचा माणूस सांगलीत परका नव्हे, तरी!

त्यांचे पुढचे विमान किरण, 1964 चे. त्याच्याच सुधारित आवृत्तीवर हवाई दलाने कसरतींचे सूर्यकिरण पथक उभे केले, 1996 साली, बिदरलाच. घाटगे 1991 मध्ये वारले होते.