टोचून घ्यावे की न घ्यावे? प्लेगची लस आणि लोकांचा निर्णय (१८९७–१९०७)

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना समाजाची दोन गटांत वाटणी करण्याची सवय आपल्या अभ्यासकांना जडलेली आहे. लस टोचून घेणारे ते सुजाण व सुधारक, आणि न घेणारे ते अज्ञ व रूढिग्रस्त, अशी ही वाटणी. ती सोयीची असली तरी मुंबई इलाख्यातील प्लेगच्या पहिल्या दशकाचा पुरावा तपासू लागले असता ती टिकत नाही. ह्या काळात एकाच पेठेतील, किंबहुना एकाच कुटुंबातील माणसे भिन्न निर्णय घेताना दिसतात. आज नकार देणारा मनुष्य सहा महिन्यांनी दंड पुढे करताना दिसतो. ह्या निर्णयामागे काही विचार होता काय, आणि असल्यास त्याची गमके कोणती होती, ह्याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करावयास हवे. औषध हे रोग झाल्यावर घ्यावयाचे असते. लस ही रोग होण्यापूर्वी. म्हणजे लस घेणारा मनुष्य निरोगी असतो आणि संकट अद्याप त्याच्या दारात आलेले नसते. उद्या येईल किंवा येणार नाही अशा मोठ्या अनर्थासाठी आज निश्चित येणारा लहानसा त्रास त्याने पत्करावयाचा असतो. प्लेगच्या लशीने एक-दोन दिवस ताप येई व दंडाला सूज आणि ठणका राही. गिरणीत वा गोदीत रोजंदारीने राबणाऱ्यास हा ताप म्हणजे बुडालेली मजुरी होती. तेव्हा ‘घ्यावी की न घ्यावी’ हा प्रश्न केवळ श्रद्धेचा नव्हता; तो हिशेबाचाही होता.

१. लस आणि तिचा पहिला पुरावा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन हे मुंबईस आले. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले असून, पटकीवरील लशीच्या निमित्ताने १८९३ पासून हिंदुस्थानशी परिचित होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगच्या जंतूंची वाढ मांसरसात केली, त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ती जोमदार केली, आणि मग उष्णतेने जंतू मारून लस सिद्ध केली. येथील लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून हा रस बोकडाच्या मांसाचा केला होता. लस घेणाऱ्याच्या मनाचा विचार प्रयोगशाळेतच सुरू झाला होता, हे ह्यावरून दिसते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक, म्हणजे १० घनसेंटिमीटर लस स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता ३० जानेवारीस तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. तितक्याच किंवा थोड्या अधिक कैद्यांनी घेतली नाही. टोचल्या दिवशीच ज्यांना रोगाची लक्षणे दिसली ते सोडता, लस घेतलेल्यांपैकी पुढे दोघांस प्लेग झाला व दोघेही वाचले. न घेतलेल्यांपैकी बाराजणांस तो झाला व सहाजण दगावले. अन्न, निवारा आणि दिनक्रम दोन्ही गटांचा सारखाच असल्यामुळे ह्या लहानशा आकड्यांस मोठे महत्त्व आले.

२. अविश्वासाची कारणे

इतका पुरावा हाती असताना लोकांनी लशीकडे धाव का घेतली नाही? ह्याचे उत्तर लशीत नसून तिच्या आजूबाजूस घडणाऱ्या गोष्टींत सापडते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला व सरकारच्या हाती विलक्षण अधिकार आले. घरांची झडती, रोग्यास बळाने दवाखान्यात नेणे, आप्तांस छावणीत ठेवणे, सामान जाळणे, प्रवाशांची तपासणी हे सर्व ह्याच कायद्याच्या छायेखाली झाले. पुण्यात त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रँडसाहेबावरील गोळीबारात झाला, हे सर्वश्रुत आहे. कायदा होण्यापूर्वीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, सुमारे हजार गिरणीकामगारांनी मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. दवाखान्यात नेलेल्या माणसांच्या देहातून ‘मोमिआई’ काढतात ही अफवा त्या काळी पसरलेली होती.

ह्या अफवेस हसणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने अफवेतील मजकुरापेक्षा तिच्या कारणाकडे पाहावे. जो मनुष्य आपल्या आईस अनोळखी शिपायांनी उचलून नेताना पाहतो आणि पुन्हा तिचे तोंड पाहू शकत नाही, त्याच्या दृष्टीने ‘सरकार माझ्या प्राणांची काळजी करते’ हे विधानच अविश्वसनीय ठरते. दवाखान्याचा गोरा अधिकारी, झडतीचा शिपाई आणि सुई घेऊन आलेला डॉक्टर ह्या तीन व्यक्ती त्यास तीन दिसत नव्हत्या. एकाच हाताची ती बोटे होती. लशीला झालेला विरोध हा बहुतांशी त्या हाताला होता.

ह्यास एक प्रतितुलना आहे. देवीची लस मुंबईत १८०२ सालीच आली होती, आणि १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात ती मुलांना सक्तीची झाली. म्हणजे दंडावर लस घेणे ही कल्पना १८९७ साली येथील लोकांस नवी नव्हती. नवे होते ते तिच्यासोबत आलेले वातावरण. प्लेगची लस मात्र सक्तीची करण्यात आली नाही. तथापि लस घेतल्याचा दाखला असणारास छावणीतील सक्तीच्या मुक्कामातून सवलत देण्याचे धोरण स्वीकारले गेले. काहीजणांनी प्लेगपेक्षा छावणी टाळण्यासाठीच लस घेतली असेल, तर तोही एक हिशेबच होता. आणि त्यास मूढपणा म्हणता येणार नाही.

३. शेजाऱ्याचा पुरावा

आता दुसरी बाजू पाहू. ज्यांनी लस घेतली त्यांनी ती कोणाच्या शब्दावर घेतली? मुंबईच्या खोजा समाजाचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. तिसरे आगाखान तेव्हा वयाने वीस वर्षांच्या आतबाहेर होते. त्यांनी आपली एक वास्तू हाफकिन ह्यांस प्रयोगशाळेसाठी दिली, आणि आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस लस टोचून घेतली. ह्यानंतर त्या समाजातील सुमारे निम्म्या लोकांनी लस घेतली. आगाखानांस जंतुशास्त्राचे ज्ञान अनुयायांहून फारसे अधिक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी दिली ती माहिती नव्हे, तर जामिनकी. ‘ह्यात धोका असेल तर तो प्रथम मला’ असे त्या कृतीचे म्हणणे होते. हाफकिन ह्यांनी १० जानेवारीस स्वतःवर केलेल्या प्रयोगाचा अर्थही हाच. फरक इतकाच की हाफकिन परके होते आणि आगाखान आपले.

दुसरे उदाहरण बडोदे संस्थानातील उंढेरा ह्या गावचे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेगचा प्रादुर्भाव असता हाफकिन ह्यांनी घरोघरची माणसे एकत्र बोलावून प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांस, वय, लिंग व प्रकृती ह्यांचा समतोल राखून, लस टोचली. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला त्यांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी आठजणांस रोग झाला व तिघे मृत्यू पावले. न घेतलेली ६४ होती. त्यांपैकी २७ जणांस रोग झाला व २६ मृत्यू पावले.

ह्याच सुमारास पोर्तुगीज अमलाखालील दमण येथून मोठे आकडे उपलब्ध झाले. १८९७ च्या साथीत लस घेतलेल्या २,१९७ लोकांपैकी ३६, आणि न घेतलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ दगावले. म्हणजे एका गटात शेकडा दोनांहूनही कमी, तर दुसऱ्यात शेकडा चोवीसांहून अधिक. पद्धतीच्या दृष्टीने पाहता दमणचा पुरावा उंढेऱ्याच्या पुराव्यापेक्षा दुबळा आहे. कारण दमणमध्ये लस घेणारे आपण होऊन पुढे आलेले होते, आणि असे लोक राहणीने, घराने व दक्षतेने इतरांहून निराळे असण्याचा संभव असतो. उंढेऱ्यात दोन्ही गट एकाच छपराखाली राहत होते. फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशननेही हाफकिन ह्यांच्या आकड्यांच्या काटेकोरपणाविषयी आक्षेप घेतले, परंतु लशीने रोगाचे व मृत्यूचे प्रमाण घटते हा निष्कर्ष मान्य केला.

तथापि ह्या आकड्यांकडे गावकऱ्याच्या दृष्टीनेही पाहावयास हवे. त्यास टक्केवारी ठाऊक नव्हती. परंतु एकाच ओसरीवर वाढलेल्या दोन भावांपैकी कोण गेला व कोण राहिला हे त्याने पाहिले होते. कमिशनला जो पुरावा शास्त्रशुद्ध वाटला तोच त्यालाही पटण्याजोगा होता, आणि तोही त्याच कारणास्तव: तुलना सारख्यासारख्यांत होती.

४. एक बाटली

असा कष्टाने मिळविलेला विश्वास किती नाजूक असतो हे १९०२ साली दिसून आले. पंजाबात लस टोचण्याची मोठी मोहीम चालू असता ३० ऑक्टोबर रोजी मुल्कोवाल ह्या गावी (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ लोकांस लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या बाटलीचा क्रमांक ५३-एन असा होता. ती परळच्या प्लेग प्रयोगशाळेत तयार झालेली होती.

चौकशी समितीने दूषितीकरण बाटली बाहेर पडण्यापूर्वी, म्हणजे प्रयोगशाळेतच, झाले असावे असे मत दिले आणि हाफकिन ह्यांस पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः मुल्कोवाल येथे बाटली उघडताना बूच काढावयाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो ज्योतीत धरून निर्जंतुक न करता केवळ कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला गेला होता. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही दोष बाटली उघडतानाच शिरला असण्याचा संभव अधिक मानला. रोनाल्ड रॉस, सिम्प्सन इत्यादी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हा विषय जाहीरपणे लावून धरला, तेव्हा त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

ह्या प्रकरणाकडे एका शास्त्रज्ञावरील अन्याय म्हणून पाहण्याची प्रथा आहे, आणि तो अन्याय होताच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. ‘लस निर्धोक आहे’ असे सांगणाऱ्या यंत्रणेवर काय चुकले हे सांगण्याचीही जबाबदारी असते. त्या यंत्रणेने पाच वर्षे दोषाचे मूळ शोधण्यापेक्षा दोषी मनुष्य ठरविण्यातच समाधान मानले. मुल्कोवालच्या १९ घरांस, आणि त्यांची वार्ता ऐकणाऱ्या गावोगावच्या लोकांस, चिमट्याची हकीकत वेळीच व स्पष्टपणे सांगितली गेली असती, तर सुई आणि लस ह्यांतील भेद त्यांस कळू शकला असता. ज्यास तो भेद सांगितला गेला नाही त्याने दोन्ही नाकारली, तर दोष सर्वस्वी त्याचा म्हणता येत नाही.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की ह्या दशकातील सामान्य मनुष्य लशीविषयीचा निर्णय तीन गोष्टींवरून घेत होता: संकट किती जवळ आहे, सांगणारा कोण आहे आणि तो स्वतः धोका पत्करतो काय, व आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाचे काय झाले. ह्या तीनही कसोट्या विवेकाच्या आहेत. त्यांतील पहिली मात्र प्रतिबंधक उपायास घातक ठरते. कारण संकट अगदी जवळ येईपर्यंत थांबणाऱ्यास लशीचा लाभ होण्यास वेळ उरत नाही. ही उणीव केवळ उपदेशाने भरून निघत नाही. ती भरून निघावयाची तर दुसरी व तिसरी कसोटी बळकट करावी लागते, आणि ते काम साथ येण्यापूर्वी, शांततेच्या काळात, करावे लागते.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीच्या वेळी १८९७ चाच कायदा महाराष्ट्रात पुन्हा अमलात आणला गेला, आणि जानेवारी २०२१ पासून देशात लस टोचण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा हेच प्रश्न घरोघर पुन्हा विचारले गेले. प्लेगवर आज प्रतिजैविके उपलब्ध असल्यामुळे हाफकिन ह्यांच्या लशीचे कार्य संपले आहे. परंतु तिच्या इतिहासाचे कार्य संपलेले नाही. साथीच्या काळातील नकारांची नोंद करताना ती ‘अज्ञान’ ह्या एका शब्दाखाली न करता, त्या माणसास तोवर कोणी काय सांगितले होते व त्याच्याशी कसे वागले होते, ह्याचीही नोंद अभ्यासकाने करावी. ती केल्यावाचून त्या नकाराचा न्याय करता येणार नाही.