‘ट्रस्ट’चे कूळ

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये ‘माय कम्युनिटी’ या संस्थेचे स्वयंसेवक लोकांना जुनी वस्ती पायी फिरून दाखवतात. या फेरीत स्टर्लिंग रोडवरच्या 45, 48 आणि 49 क्रमांकाच्या इमारती बघण्यासारख्या. ना घुमट, ना नक्षी. साधी सरकारी घरे. पण ऑक्टोबर 1960 मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारती तिथल्या गृहनिर्माण मंडळाची पहिली घरे मानल्या जातात. रहिवासी होक्कियन बोलीत त्यांना नुसते ‘सात मजले’ म्हणत.

मंडळ जन्मले 1 फेब्रुवारी 1960 ला. बांधकाम मात्र त्याआधीच सुरू झाले होते आणि ते सुरू करणारी संस्था होती सिंगापूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. या नावाशी मुंबईकराने थबकावे. परळ-माझगावच्या ‘बीआयटी चाळी’ म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी. दोन्ही नावे एकाच कुळातली.

ग्लासगोत 1866 मध्ये अशी संस्था निघाली होती. हिंदुस्थानात ती आणली प्लेगने. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला, गावे रिकामी व्हावीत तसे शहर ओस पडले आणि 1898 मध्ये ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा-उजेड शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली. पण घरे आधी पाडली आणि बांधली नंतर, तीही कमी. ज्यांची खोली गेली त्यांतल्या कित्येकांना चाळीत जागा मिळालीच नाही. ट्रस्टचे कौतुक करताना हा हिशेब सोडणे मला बरोबर वाटत नाही.

हे बीज सिंगापूरला पोचले ते कलकत्त्यामार्गे. डब्ल्यू. जे. सिम्पसन हे कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी होते. 1907 च्या अहवालात त्यांनी सिंगापूरची पाठीला पाठ लावलेली, अंधारी दुकानघरे वर्णिली. मधून मागची गल्ली काढा, म्हणजे उजेड येईल आणि मैला उचलता येईल, हा त्यांचा उपाय. पुढे कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे मुख्य अभियंता राहिलेले ई. पी. रिचर्ड्स सिंगापूरला आले. 1927 मध्ये तिथला ट्रस्ट कायद्याने उभा राहिला. तोही सुरुवातीला रस्ते आणि गल्ल्यांतच गुंतला होता. घरे बांधणे नंतरचे. दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, 1953 मध्ये, नव्या उपनगराला क्वीन्सटाउन हे नाव मिळाले. अलेक्झांड्रा रोडवर ट्रस्टचे मुख्यालय झाले, त्याचे नाव प्रिन्सेस हाउस. इकडे प्रिन्सेस स्ट्रीट, तिकडे प्रिन्सेस हाउस!

मुंबईत या ट्रस्टचा ठेवा म्हणून काय दाखवायचे, असा प्रश्न पडत असेल तर परळच्या बीआयटी चाळ क्रमांक 1 मध्ये जा. दुसऱ्या मजल्यावरच्या 50 आणि 51 क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे 22 वर्षे राहिले. लंडन-न्यूयॉर्कहून पदव्या घेऊन आलेला माणूस सामाईक नळाच्या चाळीत राहत होता. 1934 च्या सुमारास ते ‘राजगृहा’त गेले. ते घर दादरच्या हिंदू कॉलनीत आहे आणि ही कॉलनीही ट्रस्टच्याच आखणीतली.

क्वीन्सटाउनमध्ये सात मजल्यांच्या घरांसाठी वाट दाखवणारी माणसे आहेत. परळच्या चाळीसाठीही अशी माणसे हवीत. तुमच्यापैकी कोणी त्या चाळींत राहिले असेल, तर आपली खोली, नळ आणि गॅलरी यांची आठवण आजच लिहून ठेवा.